सही करण्यापूर्वी

राज्यस्तरीय चाचणी होते, शिक्षक गुण भरतात आणि काही दिवसांत केंद्राचा गोषवारा माझ्यापुढे येतो. शाळेचे नाव, इयत्ता, पट, हजर, विषयवार सरासरी आणि तळाशी केंद्रप्रमुख म्हणून माझी सही. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातले आमचे केंद्र. शाळा छोट्या, वस्त्या विखुरलेल्या, बरीच घरे ऊसतोडीला जाणारी. या कागदावर सही करताना मी नेमके काय खरे म्हणून सांगते, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. बेरीज-भागाकार बरोबर आहे, एवढीच ग्वाही मी देते का? की या शाळेतली मुले इतके शिकली, असे सांगते? कागद वाचणारा दुसराच अर्थ घेतो, आणि तो तसा घेणार हे मला सही करतानाच माहीत असते. म्हणजे त्या अर्थाची जबाबदारीही माझ्यावर येते.

हे लिहिताना मला कोणाकडे बोट दाखवायचे नाही. चाचण्या नकोत असेही माझे म्हणणे नाही. मुलाला काय येते हे न तपासता त्याला पुढच्या वर्गात ढकलत राहणे हा त्याच्यावर अन्यायच आहे, आणि तो बहुतेक वेळा गरिबाच्याच लेकरावर होतो. प्रश्न माझ्यापुरता आहे. आकडा जेवढे सांगतो त्याहून जास्त मी त्याच्याकडून वदवून घेते का, आणि घेत असेन तर कशासाठी?

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात संपादणूक चाचण्यांवर एक प्रकरण असते. विश्वसनीयता, सप्रमाणता, मानके, प्रमाण विचलन. आम्ही सगळ्यांनी ते परीक्षेपुरते वाचले. त्या प्रकरणाच्या मुळाशी चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ च्या सुमारास मांडलेला एक साधा विचार आहे: मुलाला मिळालेला गुण म्हणजे त्याचा खरा गुण अधिक त्रुटी. खरा गुण कोणालाच दिसत नाही. तेच मूल तेवढ्याच अवघड अशा असंख्य पेपरांना बसले असते, तर त्या सगळ्यांची जी सरासरी आली असती, तो त्याचा खरा गुण. प्रत्यक्षात ते एकाच पेपरला बसते. त्या दिवशी कोणते प्रश्न आले, रात्री झोप झाली होती का, अंदाजाने लावलेली खूण बरोबर निघाली का, यांनी गुण वर-खाली होतो. ही त्रुटी म्हणजे कोणाची चूक नाही. ती मोजण्यातच असते.

ती किती, हे काढता येते. समजा एका चाचणीत गुणांचे प्रमाण विचलन १० आहे आणि विश्वसनीयता ०.८४. एकातून ०.८४ वजा केले की उरतात ०.१६. त्याचे वर्गमूळ ०.४. त्याला १० ने गुणले की ४. म्हणजे ६० गुण मिळवलेल्या मुलीचा खरा गुण ५६ ते ६४ च्या दरम्यान धरावा, आणि जास्त खात्री हवी असेल तर ५२ ते ६८ च्या दरम्यान. आता ६० वाली आणि ५७ वाला यांच्यात कोण पुढे? या चाचणीवरून ते सांगता येत नाही. आणि ०.८४ ही काही वाईट विश्वसनीयता नव्हे. शाळेत घेतल्या जाणाऱ्या छोट्या चाचण्यांची बरेचदा याहून कमी असते. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत प्रत्येक विभागाला २०० ते ८०० गुण असतात, आणि ती परीक्षा घेणारी संस्था स्वतःच सांगते की गुण साधारण ३० इकडे-तिकडे धरून वाचा. आमच्या गोषवाऱ्यात असा रकाना नसतो. दशांश चिन्हानंतर दोन आकडे मात्र असतात, आणि त्या दोन आकड्यांवर शाळांचे क्रम लागतात.

कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा तोडणी मजूर काट्याकडे डोळे लावून उभा असतो. काटा किती इकडे-तिकडे होतो, यावर त्याची मजुरी ठरते, म्हणून काटा नीट आहे ना, याकडे त्याचे लक्ष असते. त्याच माणसाच्या लेकराचे शिकणे आपण ज्या काट्यावर तोलतो, त्याची तपासणी कोण मागणार? त्या बाप्याला असे काही मागता येते हेच माहीत नाही. मला माहीत आहे. हे माहीत असणे माझ्यासाठी ओझे आहे, आणि ते असायलाच हवे.

एक गठ्ठा उघडते. तिसरी, गणित, ५२ वजा २७. एका मुलीने २५ लिहिले आहेत. एका मुलाने ३५. एकाची जागा कोरी. गुण अनुक्रमे एक, शून्य, शून्य. आता ३५ कडे नीट पाहावे. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याला वजाबाकी येते, मांडणी येते, अंक सुबक आहेत. दशकाचा गठ्ठा सोडून सुटे करायचे असतात, एवढेच त्याला उमगलेले नाही. काड्यांचे गठ्ठे घेऊन दोन दिवस त्याच्याजवळ बसले तर तो पुढे जाईल. पर्यायी प्रश्न काढणारा जाणकार माणूस ३५ हा पर्याय मुद्दाम ठेवतो, कारण तो निवडणारे मूल नेमके कुठे अडले आहे ते त्यातून कळते. कोरी जागा ठेवणाऱ्याचे काय, हे मला ठाऊक नाही. कदाचित त्याने पानच उलटले नसेल. तक्त्यात दोघेही शून्य आहेत. शिक्षकाने गुण भरण्यासाठी दिलेल्या चॅटबॉटवर ते भरले की ३५ आणि कोरी जागा यांच्यातला फरक कायमचा पुसला जातो, आणि शिकवायला उपयोगी अशी जी एकमेव माहिती त्या कागदात होती, ती कागदातच राहून गठ्ठ्यासकट कपाटात जाते.

मग शाळांची तुलना. आमच्याकडे तिसरीच्या वर्गात आठ मुले असणे ही नेहमीची गोष्ट. आठपैकी सहा मुले एखादी अध्ययन निष्पत्ती गाठतात तेव्हा ७५ टक्के. दोन मुले कमी पडली की ५० टक्के. दोन मुले! एकाला ताप, एकीच्या घरी लग्न. आठ मुलांच्या वर्गात निम्मी उत्तीर्ण होतील असे धरले, तर निव्वळ योगायोगाने तो आकडा १८ टक्क्यांपर्यंत सहज वर-खाली होतो. २०० मुलांच्या शाळेत हेच हेलकावे साडेतीन टक्क्यांवर येतात. याचे गणित अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने १७३० मध्येच मांडले होते: नमुना जितका लहान, तितकी सरासरी जास्त हलते. हॉवर्ड वेनर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००७ मध्ये या सूत्राला सर्वांत धोकादायक समीकरण म्हटले, कारण ते माहीत नसल्यामुळे माणसांनी शतकानुशतके चुकीचे निर्णय घेतले. त्याने दिलेले एक उदाहरण शाळांचेच आहे. उत्तम निकालाच्या शाळांच्या यादीत लहान शाळा जास्त दिसतात, म्हणून अमेरिकेत लहान शाळा काढण्यासाठी मोठमोठ्या देणग्या दिल्या गेल्या. गेट्स फाउंडेशन त्यात आघाडीवर होते. यादीच्या तळाशी पाहिले असते तर तिथेही लहान शाळाच जास्त दिसल्या असत्या. पुढे त्या कामाची दिशा बदलण्यात आली.

आमच्या यादीतही असेच होते. वरच्या टोकाला वस्तीशाळा, खालच्या टोकाला वस्तीशाळा, मोठ्या गावांच्या शाळा मध्ये. वरच्या टोकाच्या शिक्षकाचा सत्कार होतो, खालच्याला खुलासा मागितला जातो. पुढच्या वर्षी यादी उलटीपालटी होते आणि सत्कार दुसऱ्याचा होतो. ज्या शिक्षकाने वर्षभर जीव ओतला आणि ज्याने नाही, त्यांना या यादीवरून वेगळे काढता येत नाही. आणि दोघांनाही हे कळते, ही त्यातली सर्वांत नुकसानीची गोष्ट आहे. जीव ओतणाऱ्याच्या मनात त्यानंतर काय होत असेल, याचा विचार करताना मला त्रास होतो.

याहून अवघड जागा पुढे आहे, कारण ती माझ्या पदाच्या अधिकाराशी जोडलेली आहे. तळाच्या शाळेला मी भेट देते. कडक बोलते, टाचण वही तपासते, लेखी सूचना देते. पुढच्या चाचणीत ती शाळा वर येते. बरे वाटते, भेटीचा उपयोग झाला असे वाटते. पहिल्या क्रमांकाच्या शाळेचे मी तोंडभरून कौतुक करते आणि पुढच्या चाचणीत ती घसरते. कौतुकाने माणूस सैलावतो असे मनात येते. ही समजूत किती सहज तयार होते! आणि ती तयार व्हायला माझ्या भेटीची गरजच नसते. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदी ताडून पाहिल्या. फार उंच आई-वडिलांची मुले सरासरीने उंच असली तरी त्यांच्याइतकी उंच नव्हती. फार बुटक्यांची तितकी बुटकी नव्हती. टोकाला असलेली गोष्ट पुढच्या वेळी सरासरीकडे सरकते. टोकाच्या गुणात दैवाचा वाटा मोठा असतो, आणि दैव तेच दान पुन्हा टाकत नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांची गोष्ट लिहून ठेवली आहे. वैमानिकाने उत्तम कसरत केली की स्तुती केली तर पुढची बिघडते, आणि वाईट कसरतीवर ओरडले तर पुढची सुधारते, असा एका प्रशिक्षकाचा अनुभव होता. अनुभव खोटा नव्हता. काढलेला निष्कर्ष खोटा होता. स्तुती केली काय, ओरडले काय, पुढची कसरत नेहमीच्या पातळीकडे आलीच असती. कानेमन यांच्या म्हणण्याचा सारांश असा की, या जगाची रचनाच अशी आहे की कठोरपणाला बक्षीस मिळते आणि चांगुलपणाला शिक्षा. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. आपल्या शाळांमधली छडी, आढावा बैठकीतले उभे करणे, कारणे दाखवा नोटीस, या सगळ्यांवरचा विश्वास अशाच अनुभवांनी बळकट होत आला असेल का? माझी कडक भेट आणि शाळेची सुधारणा यांच्यात खरेच काही नाते आहे का, हे तपासायचे असेल तर तळाच्या काही शाळांना मुद्दाम भेट न देता पाहावे लागेल. ते करायला मन धजत नाही. का धजत नाही? मुलांचे नुकसान होईल म्हणून, असे मी म्हणते. पण आपल्या ओरडण्याचा काहीच उपयोग होत नव्हता असे निघाले तर, ही भीतीही त्यात आहे. दोन्हीतले किती कोणते, हे मला नीट निवडता येत नाही, आणि ते निवडता येत नाही म्हणूनच पहिले कारण मी फार मोठ्याने सांगू नये.

आता ऊसतोडीकडे येते, कारण आमच्याकडे आकड्यांचा सगळा अर्थ तिथे बदलतो. दसरा झाला की मुकादमाच्या उचलीपोटी टोळ्या हलायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे कोणी सांभाळणारे नसेल तर लेकरे बरोबर जातात. असेल तर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, टोळ्या परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. २०१७ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १३ नोव्हेंबरला झाले. २०२१ चे १२ नोव्हेंबरला. २०२४ मध्ये 'परख' या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचे सर्वेक्षण ४ डिसेंबरला झाले. तिन्ही तारखा हंगामातल्या. सर्वेक्षणाच्या नमुन्याचे गणित पक्के असते, शाळा पद्धतशीर निवडलेल्या असतात, सगळे खरे. पण नमुना घेतला जातो तो त्या दिवशी शाळेत असलेल्यांचा. आमची जी मुले सर्वांत मागे पडण्याची शक्यता असते, ती त्या दिवशी कुठल्या तरी फडात कोपीबाहेर धाकट्या भावंडाला सांभाळत असतात. 'असर' या शैक्षणिक पाहणीचे लोक घरी जाऊन मुले तपासतात. घरालाच कुलूप असेल तर ते मूल तिथेही सुटते.

याचा सरासरीवर परिणाम कसा होतो ते मांडून पाहू. समजा वर्गाचा पट २०. त्यातली गावात राहणारी १२ मुले, त्यांची सरासरी ६०. जाणारी आठ, त्यांची सरासरी ४०. पावसाळ्यात सगळी हजर असताना वर्गाची सरासरी येते ५२. दिवाळीनंतर आठ जण गेले, तेच पेपर, तेच शिकवणे, सरासरी ६०. आठ गुणांची वाढ, आणि एकही मूल एक अक्षर जास्त शिकलेले नाही. जून-जुलैत सगळे परतल्यावर पुन्हा ५२. कागदावर मात्र पहिल्या वेळी प्रगती होते आणि दुसऱ्या वेळी घसरण. आणि इथे मला माझ्याच मनाची एक सवय स्पष्ट दिसते. वाढ झाली की ती अध्यापनाची, उपक्रमांची, भेटींची. घसरण झाली की ती स्थलांतराची. दोन्ही वेळा कारण एकच होते, तरी मी ते एकाच बाजूला वापरते. कोणी माझ्यावर तशी सक्ती करत नाही. खुलासा मागितला जातो तो घसरणीचा. वाढीचा खुलासा कोणीच मागत नाही, आणि न मागितलेला खुलासा द्यायला मी उठत नाही. इथे माझी सदसद्विवेकबुद्धी मला सरळ विचारते: वाढीचा खुलासा तू कधी देणार?

या हिशेबाचा पुढचा टप्पा अधिक भीतीदायक आहे. सरासरी वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग कमकुवत मूल त्या दिवशी गैरहजर असणे, हा असेल, तर ते मूल परत आणायला कोण धावेल? वसतिगृहासाठी पालकांची समजूत काढणारा, मुकादमाशी बोलणारा, साखर कारखान्याच्या गावातल्या शाळेत मुलांचा प्रवेश झाला का म्हणून फोन करणारा शिक्षक स्वतःच्या शाळेचा आकडा खाली आणतो. असे करणारे शिक्षक आमच्याकडे आहेत. त्यांच्या शाळा यादीत खाली दिसतात. मी सही करते ती त्याच यादीवर.

आकड्यावर बक्षीस आणि शिक्षा लटकवली की आकडाच बिघडतो, हे डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात सांगून ठेवले. अमेरिकेत १९८७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या जॉन कॅनेल नावाच्या डॉक्टरने राज्याराज्यांचे प्राथमिक शाळांचे निकाल गोळा केले, तेव्हा पन्नासही राज्ये राष्ट्रीय सरासरीच्या वर निघाली. मानके जुनी झाली होती, तेच ते पेपर वर्षानुवर्षे वापरले जात होते आणि शिकवणे त्या पेपरांभोवती फिरू लागले होते. अटलांटा शहरात तर २००९ च्या परीक्षेत चुकीची उत्तरे खोडून बरोबर केल्याच्या खुणा अशक्य वाटाव्यात इतक्या सापडल्या. हा संशयही संख्याशास्त्रानेच उभा केला. २०११ च्या चौकशीत तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावे आली, आणि २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. त्या शिक्षकांच्या शिक्षेपेक्षा मला त्या मुलांचे वाटते. कागदावर ती उत्तीर्ण दिसली, म्हणून त्यांना मिळायला हवी होती ती जादा शिकवणी मिळाली नाही. आमच्याकडे वर्गशिक्षक स्वतः पेपर घेतात, स्वतः तपासतात, स्वतः गुण भरतात. मी त्यांच्यातलीच होते आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर माझा विश्वास आहे. पण गुण भरणाऱ्या माणसावर मी किती दडपण टाकते, याचे उत्तर मलाच द्यायचे आहे. बैठकीत तळाच्या शाळेचे नाव मोठ्याने वाचले की पुढच्या वेळी कोणाचे तरी पेन्सिलीचे टोक अडखळेल, हे समजायला संख्याशास्त्र लागत नाही.

इतके सगळे मांडल्यावर स्वतःवर दुसऱ्या बाजूने संशय घ्यायला हवा. आकडा थरथरतो, नमुना लहान आहे, मुले गावात नाहीत: हे सगळे खरे आहे आणि हे सगळे उत्तम पळवाटही आहे. भारताने पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडूच्या पंधरा वर्षांच्या मुलांना उतरवले. २००९ च्या त्या फेरीत दोन्ही राज्ये जवळजवळ तळाशी राहिली. प्रश्न आपल्या मुलांच्या संदर्भातले नव्हते, असे कारण पुढे आले. त्यात तथ्य असेलही. पण त्यानंतरच्या फेऱ्यांत देश उतरलाच नाही. काट्याबद्दल शंका असेल तर पुन्हा तोलायला हवे होते. तोलणेच बंद केले, तर शंका प्रामाणिक होती असे म्हणणे कठीण जाते.

२०२४ च्या 'असर' अहवालानुसार देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. यातही त्रुटी आहे, पण कोणतीही त्रुटी २३ चे ७० करत नाही. एका वर्गाच्या एका चाचणीचा आकडा हलतो. तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र केले की हलणे कमी होते आणि जे उरते ते खऱ्याच्या अधिक जवळ असते. आमच्या काही शाळांमध्ये जे उरते ते चांगले नाही. पाचवीतल्या मुलाला धड्यातले वाक्य अडखळल्याशिवाय वाचता येत नसेल, तर त्याच्यासमोर मापनाच्या प्रमाण त्रुटीबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. संख्याशास्त्राने मला संशय घ्यायला शिकवले, पण तो संशय सोयीच्या आकड्यावरही तितकाच घ्यायला लावला. गैरसोयीच्या आकड्यावरच शंका घेणारी मी असेन, तर मी गणित शिकले नाही, वकिली शिकले.

वस्तीवर गेले की एखादी आजी नातीला पुढे करून विचारते, "बाई, पोरगी हुशार हाय का न्हाई, तेवढं सांगा." तिच्या मागे फडातून आलेला फोन असतो, लेक आणि जावई तिकडे वाट पाहत असतात. मी तिला गुण सांगायचे टाळते. टाळते म्हणजे लपवते का, हाही प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. गुणपत्रक तिच्या हातात असतेच. मी मुलीला गोष्टीचे पुस्तक देते, तिच्याकडून एक पान वाचून घेते, मग सांगते: "आज्जी, ही गोष्ट वाचती. जोडाक्षर आलं की थांबती. हातच्याची वजाबाकी अजून जमली न्हाई, ती गुरुजी करून घेतील." आजीला हे कळते. तिला नंबर कितवा असे विचारायचे असते, पण जोडाक्षराला थांबते हे ऐकल्यावर ती नातीकडे वळून म्हणते, "मग थांबू नगंस की." एवढे बोलायला मला त्या मुलीजवळ दहा मिनिटे बसावे लागते. तक्त्याला दहा सेकंद लागतात. मला आकडा का आवडतो, याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे. तो मला जमिनीवर बसण्यापासून वाचवतो.

या वर्षी गोषवाऱ्याबरोबर मी एक जादा पान लावणार आहे. त्यात चार रकाने आहेत: पट, चाचणीला हजर, स्थलांतरित, आणि दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या त्याच मुलांची दोन्ही वेळची सरासरी. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण त्यात मूल स्वतःशीच तोलले जाते. वर्गातून कोण गेले आणि कोण आले, याने तो हलत नाही. ज्या शाळेत दहापेक्षा कमी मुले आहेत तिथे टक्केवारीऐवजी मुलांची संख्याच लिहिणार आहे, आठपैकी सहा, आठपैकी चार. वाढ दाखवणाऱ्या शाळांचाही खुलासा त्यात असेल. हे पान कोणी मागितलेले नाही आणि बैठकीत ते वाचले जाईल असे मला वाटत नाही. तरी सही त्याच्यावरही करायची आहे.

स्थलांतरित मुलांचा रकाना मात्र नुसता भरून चालणार नाही. त्यांची वाचनाची आणि वजाबाकीची तपासणी जाण्याआधी एकदा आणि परतल्यावर एकदा व्हायला हवी, एकाच शिक्षकाकडून, त्याच प्रकारच्या मजकुरावर. नाहीतर सहा महिन्यांत किती गेले आणि किती टिकले हे कधीच कळणार नाही. गुरुजींशी बोलणे झाले आहे. दोन वस्त्यांवर गाडी जात नाही, तिथे पायी जावे लागेल. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात, त्याआधी सगळ्या वस्त्या गाठायच्या आहेत.